सामू चार पूर्णांक आठ

कुडचड्याच्या ऑफिसातून मातीची चिठ्ठी आली.
नाव: सुभद्रा मोलू वेळीप. गाव: नेत्रावळी.
सामू: चार पूर्णांक आठ.
आणि खाली निळ्या पेनाने, कुणीतरी घाईत:
फार आंबट.

ताई, ते तुम्हीच लिहिलंत का?
आमच्याकडे आंबट ही तक्रार नसते.
बिंबलं असतात, भिरंडाची सोलं असतात,
बांगड्याच्या हुमणात ओटंब असतो.
धाकटीच्या वेळी तर मी
याच डोंगराची ढेकळं चाटली होती, चोरून.
पोरगी बघा, खडखडीत आहे.

पण नाचणीला डोहाळे नसतात.
ती पिवळी पडते,
मांडीएवढी होते न होते तोच
चार दाणे टाकून मोकळी होते,
पेपर अर्धा सोडून उठलेल्या पोरासारखी.

सासरे कुमेर करायचे.
तोडा, जाळा, राखेत पेरा,
तीन वर्षांनी पलीकडचा डोंगर.
आता पलीकडे अभयारण्याची पाटी आहे
आणि पाटीवर वाघाचं चित्र.
डोंगर बदलायची सोय राहिली नाही
म्हणून याच डोंगराला कुंपणं घातली,
आतल्या आत.
उंदीरमारीच्या काठ्या, मनगटाएवढ्या,
उताराला आडव्या, ओळीमागे ओळ.
दोन ओळींत अंतर किती, म्हणून मोलूने विचारलं.
टेप घरी राहिली होती.
मी वाळत घातलेलं पातळ काढून आणलं,
पदर त्याच्या हातात, दुसरं टोक माझ्या.
एवढं.

उपासो गांवकर बांधावर बसून हसला:
शेतात झाडं? यंदा सावली मळणार वाटतं.

पहिल्या वर्षी त्याचंच खरं झालं.
ओळीलगतची नाचणी खुरटली,
अळसांद्याचे वेल काठ्यांवर चढून बसले,
आणि एका पहाटे गवा आला,
दोन ओळींच्या मधोमध सरळ चालत,
जणू रस्ता त्याच्यासाठीच आखला होता.
जाताना शेण तेवढं टाकून गेला.
(तेही आम्ही पसरलं.)

झाड लावायला काही लागत नाही, ताई.
कापायला हात लागतो.
माघात ओळी गुलाबी फुलल्या,
रस्त्यावरून जाणारे थांबून फोटो काढू लागले,
मोलू म्हणाला, राहू दे यंदा, किती बरं दिसतं.
दिसतं.
पेरणीच्या आधी मी कोयता घेतला.
गुडघ्याएवढं बुडखं ठेवून बाकी सगळं खाली.
नाचणी वीतभर झाली तेव्हा पुन्हा.
मग पुन्हा.
पाला पट्टीत अंथरला, रजईसारखा नव्हे,
चटई टाकतात तसा, पातळ.
सुकताना त्याला नव्या गवताचा वास येतो,
हाताला दोन दिवस राहतो,
भाकरीलाही लागतो.

तळपणच्या खाडीकडून शिंपल्यांचा चुना आणला,
दोन पोती, कदंबाच्या मागच्या सीटखालून.
कंडक्टरने पोत्यांचंही तिकीट फाडलं.
समुद्र इतक्या वर पहिल्यांदाच आला असेल.

परवा पाला बाजूला करून बघितलं.
खाली जांभा तोच, लाल, हट्टी.
पण बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं
आणि नखात काळं आलं.
गांडूळ होतं एक. मी लगेच झाकलं,
उघड्यावर अंघोळ करणारं माणूस दिसावं तसं.

आकडा फार हलणार नाही, ठाऊक आहे मला.
पाच होईल, पाचला टेकेल.
ओळीजवळची दोन तासं अजून बुटकीच आहेत,
ती झाडांची म्हणून सोडून दिली.
उपासो हल्ली हसत नाही,
काठ्या मागतो.

सोबत तीन पुड्या पाठवते.
एक पट्टीतल्या मातीची, एक बुडख्याजवळच्या.
नावं घातली आहेत, मिसळू नका.
तिसरीत नाचणी आहे,
ती मशिनीत घालू नका.
दळून आंबील करा,
आणि ताक घ्याल ते
जरा आंबट घ्या.